मोठं पॅनेल आधी मोठंच राहू द्या

जहाजाच्या हलचं, म्हणजे धडाचं, संगणकावर मॉडेल करायला बसलं की हात आधी ब्लॉककडे जातो, म्हणजे यार्डात एकेक उचलून जोडायच्या तुकड्यांकडे. प्राथमिक टप्प्यात तो आवरा. ब्लॉकच्या सीमा तेव्हा पक्क्या नसतात. त्या यार्डातल्या क्रेनवर आणि शॉपच्या (कारखान्याच्या शेडच्या) दारावर ठरतात, आणि बदलतात. माझगाव डॉकमध्ये ३०० टनी गोलियथ क्रेन आहे. छोट्या यार्डात ८० टनांची क्रेन असली तर तिथला ब्लॉक निराळा पडणार. डेक मात्र दोन्हीकडे तोच. म्हणून त्याचं पॅनेल, म्हणजे मॉडेलमधला प्लेट आणि तिच्यावरच्या पट्ट्यांचा एक संच, आधी अखंडच ठेवा.

बल्क कॅरिअरचा (सुटा माल नेणाऱ्या जहाजाचा) टँक टॉप, म्हणजे दुहेरी तळाची वरची प्लेट, धरा. फ्रेम (लांबीवर ठरावीक अंतराने आखलेल्या आडव्या रेषा) ४० ते २००, दोन फ्रेममध्ये ८०० मिलिमीटर, म्हणजे लांबी १२८ मीटर. रुंदी २४ मीटर, प्लेट १४ मिलिमीटर. नुसती प्लेटच सुमारे ३३८ टन भरते. हे धूड कोणी अखंड उचलणार नाही, पण जाडी १५ करून वजन पाहायचं झालं तर बदल एकाच जागी करायचा असतो.

पण म्हणून सगळंच एका पॅनेलमध्ये कोंबू नका. सपाट पॅनेल एकाच प्रतलात बसतं; हॉपरचा, म्हणजे कडेच्या तिरक्या प्लेटचा, उतार सुरू झाला की पॅनेल वेगळं. शिवाय त्रिबॉन या जहाजाच्या मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरच्या घराण्यात एकाने उघडलेलं पॅनेल दुसऱ्याला बंद असतं. तिघं काम करणार असतील तर होल्डच्या (मालाच्या कप्प्याच्या) हद्दीवर तीन पॅनेलं करा.

खरी गोची संदर्भांची, म्हणजे कुठला भाग कुठल्या भागाच्या आधाराने बसवायचा याची. आधी शेल (बाहेरचं कवच), मग डेक आणि लांबीतली बल्कहेड (उभ्या भिंती), मग आडवी बल्कहेड, मग फ्लोअर (दुहेरी तळातल्या आडव्या उभ्या प्लेटा) आणि वेब (जाड आडव्या फ्रेम), सर्वांत शेवटी ब्रॅकेट (कोपऱ्यातले जोडतुकडे). या क्रमात नंतरच्याने आधीच्याचा आधार घ्यायचा, उलट कधीच नाही. फ्लोअरची वरची कड टँक टॉपला टेकवली आणि टँक टॉपची कड त्याच फ्लोअरला, की वर्तुळ झालं. रिक्रिएट (भाग पुन्हा तयार करणं) कितीही वेळा करा, एक जण कायम शिळाच राहणार. जागाही 'फ्रेम ७६' अशी द्या, मिलिमीटरमध्ये नको. फ्रेम टेबल (फ्रेमच्या जागांची यादी) बदललं की मिलिमीटरवाला स्टिफनर (प्लेटला ताठ ठेवणारी पट्टी) जुन्या जागी अडून बसतो.

जाडीची बाजू पहिल्याच दिवशी तपासा. टँक टॉपची मोल्डेड रेषा (जिथून मापं घेतात ती आखणीची रेषा) प्लेटच्या खालच्या अंगाला, जाडी वर. चुकून खाली गेली तर प्रत्येक फ्लोअर १४ मिलिमीटर प्लेटमध्ये घुसतो. पडद्यावर हे कळत नाही, कटिंगला कळतं.

जाडी, ग्रेड (पोलादाचा दर्जा), प्रोफाइल (स्टिफनरचा आकार), मोठी भोकं एवढंच आत्ता टाका. एंडकट (स्टिफनरच्या टोकाचा काप), नॉच आणि स्कॅलप (कडेच्या छोट्या खाचा) नंतर. ते आधी टाकले तर पॅनेल तोडताना स्टिफनरचे क्रमांक बदलतात आणि त्यांना बांधलेले ब्रॅकेट लोंबकळतात.

ब्लॉक ठरले की मगच तोडा. जोड फ्रेमवर नको, दोन-तीनशे मिलिमीटर बाजूला, म्हणजे वेल्डरला हात घालता येतो. तोडण्याआधीचं आणि नंतरचं वजन शेजारी ठेवा. ३३८ चे ३४२ झाले तर एखादी पट्टी दोन ब्लॉकांत मोजली गेलीय. ३३१ झाले तर एखादा तुकडा कुठल्याच ब्लॉकमध्ये नाही.