देवबाग : वाळूची ये-जा

[ड्रोन, दक्षिणेकडे]

वरून पाहिलं तर देवबाग म्हणजे माडांची एक हिरवी पट्टी. उजवीकडे अरबी समुद्र, डावीकडे कर्ली नदी. मालवण तालुक्यातलं हे गाव वसलंय वाळूवर, आणि ही वाळू लाटांनीच आणून घातली. लाट किनाऱ्यावर तिरकी चढते, उतरते मात्र सरळ. दर खेपेला वाळू थोडी पुढे जाते. अशी सरकत सरकत तिने नदीचं तोंडच दक्षिणेला लोटलं. समुद्र हाताशी असूनही कर्ली गावाला वळसा घालून पार टोकाला, संगमावर त्याला मिळते.

[होड्या, खाडी]

भरतीची वेळ काढायची तर कोकणात तिथीची पाऊणपट करतात. अष्टमीला ६, पौर्णिमेला सव्वाअकरा. हिशोब ढोबळ, पण होडी सोडायला पुरतो. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत येते आणि उधाण लागतं. जानेवारीतलं उधाण पुळण भिजवून परत जातं. जुलैतलं तसं नाही. भरती पाणी उचलून देते आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्याने खवळलेली लाट त्यावर चढून थेट माडाच्या मुळाशी येते.

[तीच जागा : जुलै, मग फेब्रुवारी]

वाळू कुठे हरवली नव्हती. पावसाळी लाट ती ओढून नेते आणि जरा बाहेर, पाण्याखाली तिचा उंचवटा करते. पुढच्या लाटा मग त्यावरच फुटतात. समुद्र निवला की शांत लाटा तीच वाळू परत आणून टाकतात. या येण्याजाण्याला जागा मात्र लागते.

[जवळून : वेल]

ही मर्यादावेल. पान आपट्यासारखं, फूल जांभळट. काय नेमकं नाव ठेवलंय! पेरापेराला मूळ धरते, वाऱ्याने उडालेली वाळू अडवते. तिच्या आधाराने जो ढीग साठतो, ती पावसाळ्याची बेगमी. आपण तीच आधी उपटतो, पुळण ‘साफ’ दिसावी म्हणून.

[बंधारा]

पुळणीवर चढताना लाट दमते. दगडावर आपटली की जोर तसाच घेऊन मागे फिरते आणि पायथ्याची वाळू उकरते. बंधारा संपतो तिथे शेजारची जमीन खाते. अर्थात, ज्याच्या मागच्या दारी पाणी आलंय तो दगडच मागणार. माड गेले, कुंपणं गेली.

[संगम, सकाळ]

आज चतुर्दशी. पाऊणपट साडेदहा. आता सव्वादहा वाजलेत.