फोनचं कुलूप आणि जप्तीचा पंचनामा

श्रोतेहो, नमस्कार.

आपला फोन पोलिसांनी ताब्यात घेतला, तर त्यातलं काय काय त्यांना वाचता येईल? हा प्रश्न फक्त गुन्हेगारांना पडतो असं नाही. पत्रकार, वकील, डॉक्टर, एखाद्या पेढीचा हिशेबनीस, शेजारच्या भांडणात साक्षीदार म्हणून बोलावलेला माणूस, या सगळ्यांच्या फोनमध्ये दुसऱ्यांनी विश्वासानं सांगितलेल्या गोष्टी असतात. कट्ट्यावर याचं ठरलेलं उत्तर मिळतं: आयफोन उघडत नाही, अँड्रॉइड उघडतो. ते उत्तर अर्धवट आहे. फोनचा ब्रँड महत्त्वाचा आहेच, पण त्याहून जास्त दोन गोष्टींनी ठरतं. फोन हातात आला तेव्हा तो कोणत्या अवस्थेत होता, आणि पासकोड किती लांब होता.

आधी अवस्थेबद्दल. फोन बंद करून पुन्हा सुरू केला आणि अजून पासकोड टाकलेला नाही, अशा वेळी आतले फोटो, मेसेज, कागदपत्रं कूटबद्ध असतात आणि ती उलगडायची किल्ली मेमरीत नसतेच. तुमचा पासकोड आणि चिप बनवतानाच तिच्यात कायमचा बसवलेला एक गुप्त आकडा, या दोन्हींतून ती किल्ली तयार होते. तपासाच्या प्रयोगशाळांत या अवस्थेला ‘बीएफयू’ म्हणतात, म्हणजे बिफोर फर्स्ट अनलॉक. एकदा पासकोड टाकला की किल्ल्या तयार होतात, आणि नंतर बटण दाबून स्क्रीन बंद केली तरी त्यातल्या बहुतेक मेमरीतच राहतात. ही ‘एएफयू’, आफ्टर फर्स्ट अनलॉक. घराला कुलूप आहे, पण किल्ल्या आतल्या खुंटीवर टांगलेल्या, असा प्रकार. आपला फोन दिवसभर याच अवस्थेत खिशात असतो.

फरक घरीच तपासता येतो. फोन रीस्टार्ट करा, पासकोड टाकू नका, आणि घरातल्या दुसऱ्या फोनवरून त्यावर कॉल करा. बहुतेक फोनवर फक्त नंबर दिसेल, नाव दिसणार नाही, कारण नावांची यादीही अजून बंद आहे.

इस्रायलची सेलेब्राइट ही कंपनी किंवा ग्रेकी नावाचं अमेरिकन साधन, यांची खरी कमाई एएफयू अवस्थेत होते. फोनच्या सॉफ्टवेअरमधली एखादी त्रुटी वापरून ही साधनं पासकोड न शोधताच मेमरीतल्या किल्ल्यांचा फायदा उठवतात. ॲपल आणि गूगल अपडेट देऊन त्रुटी बुजवतात, मग या कंपन्या नवी शोधतात. ‘अपडेट नंतर करू’ असं म्हणत सहा महिने काढलेल्या फोनची त्रुटी मात्र सगळ्यांना माहीत झालेली असते.

म्हणूनच जप्ती करणाऱ्या प्रशिक्षित अधिकाऱ्याला शिकवलेलं असतं की चालू फोन बंद करायचा नाही. तो फ्लाइट मोडवर टाकायचा, सिग्नल अडवणाऱ्या फॅरेडे पिशवीत ठेवायचा आणि पॉवर बँक लावून जिवंत ठेवायचा. यावर कंपन्यांनीही उतारा काढला. 2024 च्या अखेरीस आलेल्या आयओएस 18.1 पासून आयफोन सलग 72 तास उघडला गेला नाही तर स्वतःच रीस्टार्ट होतो. एप्रिल 2025 मध्ये गूगलनं अँड्रॉइडसाठी प्ले सर्व्हिसेस या फोनमध्ये आधीपासून असलेल्या ॲपमधून तशीच तीन दिवसांची सोय जाहीर केली. पोलीस ठाण्यात मुद्देमालाची नोंद, सील, पत्र, आणि मग कालिन्याच्या किंवा पुण्या-नागपूरच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे रवानगी. यात तीन दिवस उलटणं काही विशेष नाही. तोवर फोननं आपल्या किल्ल्या टाकून दिलेल्या असतात. त्याआधी, 2018 पासून, आयफोनमध्ये आणखी एक अडसर आला होता: लॉक होऊन तास उलटला की चार्जिंगच्या भोकातून नव्यानं जोडलेल्या उपकरणाशी डेटाची देवाणघेवाण बंद.

आता लांबी. बीएफयू फोन समोर असेल तर पासकोड ओळखत बसणं एवढाच मार्ग उरतो. आयफोनमध्ये एक पासकोड तपासायला मुद्दाम सुमारे 80 मिलिसेकंद लागतील अशी रचना आहे, आणि ही तपासणी त्याच फोनच्या चिपवर करावी लागते. डेटा बाहेर काढून मोठ्या संगणकावर नेता येत नाही. चुकीच्या प्रयत्नांनंतरची एक मिनिट, पाच मिनिटं, पंधरा मिनिटं, तास अशी वाढत जाणारी सक्तीची थांबणूक कुणी एखाद्या त्रुटीमुळे चुकवली, असं धरून हिशेब करू. चार आकडी पासकोडच्या दहा हजार शक्यता, म्हणजे जेमतेम 13 मिनिटं. सहा आकडी, दहा लाख शक्यता, 22 तास. आठ आकडी, तीन महिने. दहा आकडी, 25 वर्षं. लहान इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिसळून केलेला सहा चिन्हांचा पासकोड, साडेपाच वर्षं. थांबणूक शाबूत असेल तर सहा आकडेही पुरतात. पण ती शाबूत राहील याची हमी कोण देणार? लांबी ही एकच गोष्ट पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

हे आकडे पासकोड चिठ्ठी काढल्यासारखा, कुठलाही अर्थ मनात न धरता निवडला असेल तरच लागू होतात. दिवस आणि महिना घेऊन केलेल्या चार आकड्यांच्या शक्यता दहा हजार नसतात, 366 असतात. दिवस, महिना, वर्ष अशी सहा आकडी जन्मतारीख ठेवली तर छत्तीस हजारांच्या आसपास, आणि तीसुद्धा तुमच्या पाकिटातल्या पॅन कार्डावर छापलेली. दहा आकडी ठेवा म्हटल्यावर आपला मोबाइल नंबर ठेवणारेही असतात. त्यांना काय सांगावं! अँड्रॉइडवरच्या नऊ ठिपक्यांच्या पॅटर्नच्या एकूण शक्यता 3,89,112, म्हणजे सहा आकडी पिनपेक्षा कमी. त्यात माणसं वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरुवात करतात आणि बोटाचा तेलकट माग काचेवर राहतो. पॅटर्न सोडून द्या.

आयफोनवर पासकोड बदलताना ‘पासकोड ऑप्शन्स’मध्ये ‘कस्टम न्यूमरिक कोड’ निवडला की हवे तितके आकडे ठेवता येतात. अँड्रॉइडच्या पिनलाही चार आकड्यांचं बंधन नाही. दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर सगळं पुसण्याची सोय आयफोनमध्ये आहे. मुलांनी खेळता खेळता फोन पुसला जाईल अशी भीती अनेकांना वाटते, पण मधल्या थांबण्याच्या वेळांमुळे दहाव्या प्रयत्नापर्यंत पोचायला कित्येक तास लागतात.

चिपचं महत्त्व एका गाजलेल्या प्रकरणात दिसलं. डिसेंबर 2015 मध्ये कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनोला गोळीबारात 14 जण मारले गेले. हल्लेखोराचा आयफोन 5सी एफबीआयच्या हाती आला. त्यात ॲपलची सिक्युअर एन्क्लेव्ह ही वेगळी सुरक्षा चिप नव्हती, म्हणजे थांबणूक आणि पुसणं हे दोन्ही सॉफ्टवेअरच्या भरवशावर होतं. ते बंद करणारं खास सॉफ्टवेअर बनवून द्या, असा आदेश न्यायालयानं 16 फेब्रुवारी 2016 ला दिला. ॲपलनं नकार दिला. मार्चच्या शेवटी एफबीआयनं बाहेरच्या एका कंपनीकडून फोन उघडून घेतला आणि अर्ज मागे घेतला.

आज गूगलच्या पिक्सेल आणि महागड्या सॅमसंगमध्ये चुकीच्या प्रयत्नांची मोजणी वेगळ्या सुरक्षा चिपमध्ये होते. स्वस्त अँड्रॉइडमध्ये ती बहुधा मुख्य प्रोसेसरच्याच एका राखीव भागात होते, आणि तिथल्या त्रुटी जास्त सापडल्या आहेत. अँड्रॉइड 10 च्या आधीचा फोन वापरत असाल तर त्यातला डेटा पासकोडशी नीट बांधलेला असेलच असं नाही. तो फोन कितीही लांब पासकोडनं सुरक्षित होणार नाही, बदलावाच लागेल.

चेहरा आणि बोटाचा ठसा यांचं काय? ॲपलच्या म्हणण्यानुसार अनोळखी माणसाच्या बोटानं फोन उघडण्याची शक्यता 50,000 त एक, चेहऱ्यानं दहा लाखांत एक. पुष्कळ स्वस्त अँड्रॉइडमध्ये फक्त साध्या कॅमेऱ्यानं चेहरा ओळखतात. त्यातल्या काहींना छापलेला फोटोही चालतो. पण पोलिसांच्या संदर्भात अडचण वेगळीच आहे. बोट तुमचंच असतं आणि तुम्ही तिथेच असता.

इथे कायदा येतो. संविधानाच्या अनुच्छेद 20(3) नुसार आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. 1961 साली ‘मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या 11 न्यायाधीशांच्या पीठानं सांगितलं की बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना देणं ही अशी साक्ष नव्हे. 2010 च्या सेल्वी निकालात मात्र सक्तीची नार्को चाचणी घटनाबाह्य ठरली, कारण तिथे माणसाच्या मनातली माहिती काढली जाते. पासकोड यातल्या कुठल्या बाजूला? कर्नाटक उच्च न्यायालयानं मार्च 2021 मध्ये पासवर्ड देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे असं म्हटलं. दिल्लीच्या विशेष सीबीआय न्यायालयानं ऑक्टोबर 2022 मध्ये नेमकं उलट सांगितलं: पासवर्ड डोक्यातला आहे, तो सांगण्याची सक्ती नको. बोटाच्या ठशाला मात्र तशी ढाल दिली नाही. दोन निकालांतली ही ओढाताण सुटलेली नाही, पण डोक्यातल्या पासकोडची बाजू बोटापेक्षा भक्कम आहे, एवढं नक्की. विलायतेत राहणाऱ्या आपल्या मंडळींनी हे गृहीत धरू नये. तिथे 2000 च्या रिपा या तपासाच्या अधिकारांच्या कायद्याखाली रीतसर नोटीस देऊन पासवर्ड मागता येतो, आणि नकाराला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. राष्ट्रीय सुरक्षेचं प्रकरण असेल तर पाच.

बोट आणि चेहरा तात्पुरते बंद करायची सोय आजच्या बहुतेक फोनमध्ये असते. फेस आयडीच्या आयफोनवर बाजूचं बटण आणि आवाजाचं कुठलंही एक बटण दोन सेकंद एकत्र दाबून धरा. बंद करण्याची पट्टी दिसली की पुढचं उघडणं पासकोडनंच. अँड्रॉइड 9 पासून पॉवर मेनूमध्ये ‘लॉकडाउन’ असतं, सॅमसंगवर ते आधी लॉक स्क्रीनच्या सेटिंगमधून चालू करावं लागतं. पण यामुळे फक्त बोट आणि चेहरा बाद होतात, फोन एएफयू अवस्थेतच राहतो. पूर्ण परिणाम हवा तर फोन बंदच करायचा. रात्री झोपताना, विमानतळावर, मोर्चाला निघताना ही सवय चांगली. फोन जप्त झाल्यावर दुसऱ्या उपकरणावरून तो पुसून टाकणं ही मात्र वेगळी गोष्ट आहे. पुरावा म्हणून सादर होऊ नये म्हणून इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 241 खाली गुन्हा आहे.

आणि कुलूप न तोडताही बरंच मिळतं. लॉक स्क्रीनवर दिसणारा मेसेजचा मजकूर. फोनमधलं मेमरी कार्ड, जे बहुधा कूटबद्ध नसतं. गूगल ड्राइव्हवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअप, ज्यात ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप’ 2021 पासून उपलब्ध आहे, पण तो आपणहून चालू करावा लागतो. घरचा लॅपटॉप, जिथे व्हॉट्सॲप वेब उघडंच असतं. आणि ज्याच्याशी बोललात त्याचा फोन; त्याचा पासकोड 1234 असेल तर तुमच्या दहा आकड्यांनी काही फरक पडत नाही.

जप्ती झालीच तर पंचनामा वाचूनच सही करा. त्यात मॉडेल, दोन्ही सिम, आणि स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबल्यावर दिसणारे आयएमईआय, म्हणजे त्या फोनचे ओळख क्रमांक हवेत. फोन चालू होता की बंद, लॉक होता की उघडा, याची नोंद आग्रहानं करून घ्या. पुढे कुणी आत काय केलं हा वाद निघाला तर तीच उपयोगी पडते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 नुसार झडती आणि जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक आहे, आणि घराची झडती झाली तर जप्त वस्तूंच्या यादीची प्रत मिळायला हवी. फोन परत मिळवण्याचा अर्ज कलम 497 किंवा 503 खाली दंडाधिकाऱ्यांकडे करतात. तो परत आला की आधी फॅक्टरी रीसेट करा आणि मगच वापरायला घ्या. चौकशीत पासकोड सांगितला असेल, तर तो जिथे जिथे वापरला होता, एटीएम कार्डापासून यूपीआयच्या पिनपर्यंत, तिथे सगळीकडे त्याच दिवशी बदला.