आधी कान, मग व्याख्या

(परदेशातील एका मराठी मंडळाच्या गोव्यातील हिवाळी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, नमस्कार. मी फोंड्याला शाळेत मराठी शिकवते. तुमच्या मंडळाच्या मराठी शाळेतली मुलं काल दिवसभर माझ्याबरोबर होती. आज त्यांच्याविषयीच बोलते.

सकाळी आम्ही पणजीच्या धक्क्यावर उभे होतो. बेतीहून फेरीबोट सुटली. अकरा वर्षांची एक मुलगी म्हणाली, "बोट कासवासारखी येतेय." मी तिला तिथेच धरलं. बोट हे उपमेय, कासव हे उपमान, संथपणा हा दोघांतला समान गुण आणि 'सारखी' हा साम्य दाखवणारा शब्द. झाली उपमा! म्हटलं, आता 'जणू' घालून बघ. "बोट जणू कासवच!" ही उत्प्रेक्षा. "आणि 'जणू'ही नको असेल तर?" मागून एक मुलगा ओरडला, "ही बोट म्हणजे लोखंडी कासव!" रूपक. बोट धक्क्याला लागायच्या आत तीन अलंकार झाले.

त्या मुलीच्या वहीत या तिन्हींच्या व्याख्या सुवाच्य अक्षरात लिहिलेल्या होत्या, तिला त्या पाठही होत्या. पण आपण आत्ता बोललो तेच ते, हे तिला धक्क्यावर उमगलं. परदेशात राहून तुम्ही मुलांकडून मराठी लिहून घेता, त्यासाठी शनिवार-रविवार मोडता, याचं मला फार मोल वाटतं. माझं मागणं एवढंच आहे की क्रम बदला. आधी कानावर पडू दे, जिभेवर खेळू दे, मग त्याला नाव द्या.

याच गोव्यात १५७९ साली एक इंग्रज पाद्री उतरला, फादर स्टीफन्स. मराठी त्याची मातृभाषा नव्हती. मोठेपणी इथे येऊन शिकला. त्याने ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचलं आणि ते १६१६ साली साष्टीतल्या रायतूरला, म्हणजे आजच्या राचोलला, रोमन लिपीत छापलं गेलं. जवळजवळ ११ हजार ओव्या! त्यातली ही एक मोठ्याने म्हणून बघा:

जैसी हरळांमाजि रत्नकिळा
कि रत्नांमाजि हिरा निळा
तैसी भासांमाजि चोखळा
भासा मराठी

हरळ म्हणजे खडे. किळा, निळा, चोखळा असं पहिल्या तीन चरणांत यमक जुळतं आणि चौथा चरण आखूड, मोकळा राहतो. तिथे आवाज आपसूक खाली येतो. काल मुलांनी टाळी धरून ही ओवी सहा-सात वेळा म्हटली. शेवटी एक छोटा म्हणाला, "चौथी ओळ बसून घेते." ओवीचं याहून चांगलं वर्णन मी वर्गात ऐकलेलं नाही.

कथेचंही असंच. एका मुलाने वहीत लिहिलं होतं, 'सुट्टीत काही घडलं नाही.' मी विचारलं, डिचोलीला आजीकडे काय काय आहे? तो म्हणाला, "खुंटीला आजोबांची छत्री आहे. आजोबा आता नाहीत. आजी ती कुणाला देत नाही. जुलैत मी ती पावसात घेऊन गेलो." मग आजी रागावली? "नाही. काही बोललीच नाही. नुसती छत्री पुसत बसली."

अरे, ही तर अख्खी कथा! आजी आणि नातू ही पात्रं, आषाढातलं डिचोलीचं घर हे वातावरण. संघर्ष आहे, पण त्यात कुणाचाही आवाज चढत नाही. छत्री हे प्रतीक: तिच्यात आजोबा आहेत, हे कुणी सांगावं लागत नाही. मी त्याला म्हटलं, तू 'मी' म्हणून सांगितलंस, हे प्रथमपुरुषी निवेदन. आता तीच गोष्ट आजीच्या तोंडून सांग. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "खुंटी रिकामी दिसली तेव्हा मला वाटलं, हे बाहेर गेलेत." मला पुढे काही शिकवता आलं नाही. निवेदक बदलला की गोष्ट बदलते, हे त्या पोरानेच मला दाखवलं.

घरी फोनवर आजीशी बोलताना मुलांना एवढंच विचारायला लावा: तुझ्या घरात अशी कोणती वस्तू आहे, जी तू कुणाला देत नाहीस? कथानक, कलाटणी, शेवट हे त्यातून येत जाईल. शब्द अडला तर इंग्रजीत बोलू दे, मराठी शब्द आजी पुरवेल.

जाता जाता एक काम. काल परतीच्या बोटीत आम्ही मिळून तीन चरण केले:

मांडवीचे पाणी रुंद
फेरीबोट चाले मंद
माडांना वाऱ्याचा छंद

माडांना माणसासारखा छंद लावलाय, ती चेतनगुणोक्ती. हे मुलांनीच ओळखलं. चौथा चरण मुद्दाम सोडलाय. आखूड हवा, यमक नको. आज जेवताना आईबाबांनी मुलांबरोबर बसून तो करायचा आहे. रात्री निघण्यापूर्वी मी प्रत्येक टेबलापाशी ऐकायला येणार आहे.