तरुण म्हणजे नेमकं कोण?

श्रोतेहो, नमस्कार. मी इतिहास शिकवते. पदवी अर्थशास्त्राची घेतली होती, पण एम.ए.ला वसाहतींच्या स्वातंत्र्यलढ्यांवर वाचायला लागले आणि तिथेच रमले. पीएच.डी.ला विषय घेतला तो या लढ्यांमधल्या तरुणांचा. पण पहिल्याच पायरीवर अडले. तरुण म्हणायचं कोणाला?

आफ्रिकेतल्या वसाहतींत गोरा साहेब केस पिकलेल्या नोकरालाही 'बॉय' म्हणूनच हाक मारायचा. कितीही वय झालं तरी तो माणूस त्याच्या लेखी मोठा होतच नसे. गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, थोडंफार शिकून शहरात आलेली गरीब पोरं दुसऱ्यांच्या ओसरीवर झोपायची. त्यांना 'व्हरांडा बॉईज' म्हणून हिणवत. १९४९ साली तिथल्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते क्वामे एन्क्रुमांनी पक्ष काढला, तो याच पोरांच्या बळावर. एन्क्रुमा स्वतः तेव्हा चाळिशीला टेकले होते.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते इंडोनेशियाने. ऑगस्ट १९४५. डचांची ही वसाहत युद्धात जपानच्या ताब्यात गेलेली, आणि आता जपान शरण आलेला. तरुणांचं, त्यांच्या भाषेत 'पेमुदां'चं, म्हणणं एकच: स्वातंत्र्य आत्ताच जाहीर करा, जपान्यांच्या हातून नको. स्वातंत्र्यलढ्याचे ज्येष्ठ नेते सुकार्नो आणि हत्ता थांबा म्हणत होते. मग १६ तारखेच्या पहाटे या पोरांनी दोघांनाही उचलून रेंगासडेंगक्लोक या गावी नेलं. त्याच रात्री सगळे जकार्तात परतले, आणि सुकार्नोंनी रेघी कागदावर, खाडाखोड करत, घोषणेचा मसुदा लिहिला. तो टाइप झाल्यावर मूळ कागद टाकून दिला होता. बी. एम. डिया नावाच्या तरुण पत्रकाराने तो उचलून जपला, म्हणून आज ती खाडाखोड आपल्याला दिसते. १७ ऑगस्टला सकाळी घोषणा झाली.

हे सगळं मी अनेकदा वाचलं होतं. एक गोष्ट मात्र फार उशिरा लक्षात आली, आणि त्याची मला आजही खंत वाटते. रेंगासडेंगक्लोकला सुकार्नोंबरोबर त्यांची पत्नी फातमावतीही होत्या, कडेवर नऊ महिन्यांचं बाळ. १७ तारखेला घोषणेच्या वेळी फडकलेला लाल-पांढरा झेंडा त्यांनीच शिवला होता, हाताने फिरवायच्या मशीनवर. त्यांचं वय होतं २२. पेमुदांचे एक पुढारी सुकार्नी (सुकार्नो नव्हेत) होते २९ वर्षांचे. तरी पेमुदांच्या यादीत फातमावतींचं नाव मला कुठे सापडलं नाही. देश त्यांना 'इबू' म्हणतो. इबू म्हणजे आई.

माझ्या प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यातही त्या 'सुकार्नोंच्या पत्नी' म्हणून एका तळटीपेत होत्या. दुसऱ्या मसुद्यात मी त्यांना तरुणांच्या प्रकरणात घेतलं.