एकच साल, दोन बाटल्या

[अंधारी खोली. निखाऱ्यांत तापून लाल झालेला लोखंडी चिमटा. टेबलावर धुळीने माखलेली काळी बाटली.]

या बाटलीचं बूच काढायचं नाही. काढायला गेलात तर हातात भुगा येईल. साठ वर्षं वाईनमध्ये भिजून ते पार मऊ पडलंय. म्हणून हा चिमटा. लालबुंद तोंडाने त्याने बाटलीची मान बुचाच्या खाली धरायची, मिनिटभर थांबायचं, चिमटा सोडायचा आणि त्याच जागी गार पाण्यात भिजवलेलं फडकं टेकवायचं.

[टक्. बाटलीची मान बुचासकट वेगळी होते.]

काच सरळ रेषेत तडकली. आत एक कणही पडला नाही. बाटलीवर साल आहे १९६३. व्हिंटेज पोर्ट, म्हणजे पोर्तुगालच्या गोड, कडक वाइनचा एक प्रकार.

आता शेजारची बाटली बघा. तिच्यावरही १९६३ च लिहिलंय, पण तिला चिमट्याची गरज नाही. तिचं बूच दोन बोटांनी निघतं. दोन्ही पेल्यांत ओतू. पहिलीचा रंग अजून डाळिंबी, कडेला जरा विटकरी झालेला. दुसरी मात्र कोऱ्या चहासारखी, उजेडात धरली तर सोनेरी. पहिलीला सुकलेल्या फळांचा, जुन्या चामड्याचा वास. दुसरीला अक्रोड, खारीक आणि चिक्की करताना गूळ जरा जास्त तापला की येतो तो वास.

नदी एक, हंगाम एक, द्राक्षंही त्याच जातींची. एक काचेत मुरली, दुसरी लाकडात. पोर्टच्या लेबलांवर रुबी, टॉनी, एलबीव्ही, कोल्येता अशी नावांची जत्रा असते. समोरच्या या दोन पेल्यांतला फरक कळला की त्यातली बहुतेक नावं आपोआप आपापल्या जागी जाऊन बसतात.

[नदीचं वळण. दोन्ही तीरांवर आकाशापर्यंत चढत गेलेल्या दगडी ताली.]

ही दोरू नदी. स्पेनमधून निघते, उत्तर पोर्तुगाल कापत येते आणि पोर्तो शहरापाशी अटलांटिकला मिळते. समुद्रावरून येणारे ढग माराओच्या डोंगराला अडतात, त्यामुळे पलीकडचं हे खोरं पर्जन्यछायेत. इथले लोक म्हणतात, आमच्याकडे नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक. पोर्तुगीजमध्ये हिवाळा आणि नरक या शब्दांत एकाच अक्षराचा फरक आहे, म्हणून ही म्हण तिकडे जास्त झोंबते.

माती म्हणावी अशी माती इथे नाहीच. पापुद्र्यापापुद्र्यांचा शिस्ट खडक आहे. तो फोडून, त्याच दगडांच्या ताली रचून माणसांनी डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा केला. वेलींची मुळं खडकाच्या फटींतून कितीतरी मीटर खाली पाण्यापर्यंत जातात. २००१ मध्ये युनेस्कोने या भागाला जागतिक वारसा म्हटलं. तो मान वाइनला कमी आणि या ताली रचणाऱ्या हातांना जास्त आहे, असं ही उतरण बघताना वाटतं.

[गवतात उभा ग्रॅनाइटचा खांब, त्यावर कोरलेली अक्षरं.]

आणि हा खांब? १७०३ च्या मेथ्युएन तहाने इंग्लंडमध्ये पोर्तुगीज वाइनवर फ्रेंच वाइनपेक्षा एक तृतीयांश कमी जकात लागू लागली. मागणी वाढली, तशी भेसळही वाढली. फिक्या वाइनला रंग यावा म्हणून एल्डरबेरी नावाच्या काळ्या फळांचा रस घालायचे. शेवटी पंतप्रधान पॉम्बाल यांनी १७५६ मध्ये कायद्याने सीमा आखली: पोर्टची द्राक्षं याच हद्दीतली. पुढच्या काही वर्षांत असे ३३५ खांब रोवले गेले. एल्डरबेरीची झाडंही उपटायला लावली. जगातल्या सगळ्यात जुन्या आखीव वाइन-प्रदेशांपैकी हा एक.

[सप्टेंबरची रात्र. गुडघाभर द्राक्षांच्या दगडी हौदात खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या बायका-पुरुषांच्या रांगा.]

या हौदाला म्हणतात लगार. दिवसभराची तोडणी रात्री इथे येते. पहिले काही तास शिस्तीचे. हातात हात गुंफलेल्या रांगा एका तालावर पाऊल उचलतात, पाऊल टाकतात. चालणं इतकं सावकाश की बघणारा कंटाळतो. मग कुणीतरी ओरडतं, ‘लिबरदाद!’ म्हणजे सुटका. वाद्यं सुरू होतात, रांगा मोडतात आणि त्याच चिखलात नाच चालू होतो.

आज बहुतेक काम यंत्रं करतात. तरी काही घराण्यांनी आपल्या उत्तम वाइनसाठी पाय सोडलेले नाहीत. त्याला कारणही आहे. माणसाच्या तळव्याने साल चिरडते, पण बी फुटत नाही, आणि बी फुटली तर कडूपणा उतरतो. शिवाय पोर्टला घाई असते. साध्या लाल वाइनला सालीतला रंग घ्यायला आठवडा-दीड आठवडा मिळतो, पोर्टला दोन-तीन दिवस. कारण तिसऱ्या दिवसाच्या आसपास तिचं आंबणं मुद्दाम थांबवलं जातं.

यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल करत असतं. जवळजवळ निम्मी साखर संपली की त्या रसात ओततात अग्वार्देन्त, म्हणजे द्राक्षांचाच ७७ टक्के अल्कोहोलचा पांढरा अर्क. साधारण ४३५ लिटर रसाला ११५ लिटर. यीस्ट तिथल्या तिथे मरतं आणि उरलेली साखर तशीच राहते. पोर्टमधली गोडी वरून घातलेली नसते, ती द्राक्षाचीच असते. कडकपणा १९ ते २२ टक्क्यांपर्यंत जातो.

यालाच कडाडून विरोध करणारा एक माणूस होता. जोसेफ जेम्स फॉरेस्टर, पोर्तोत स्थायिक झालेला इंग्रज व्यापारी. दोरूचा बारकाईने नकाशा काढला त्यानेच. १८४४ मध्ये त्याने पुस्तिका काढून सांगितलं की अर्क घालणं म्हणजे चांगल्या वाइनचा सत्यानाश. त्याचं कुणी ऐकलं नाही. १८६१ मध्ये नदीच्या एका भयंकर खळाळात त्याची होडी उलटली आणि तो बुडाला. त्याच होडीत दोना अंतोनिया फेरेरा होत्या, दोरूच्या सर्वांत मोठ्या बागायतदारीण. त्या वाचल्या. लोक सांगतात, घेरदार झग्याने त्यांना तरंगवलं आणि कमरेच्या पैशांच्या पट्ट्याने फॉरेस्टरला खाली ओढलं. खरंखोटं नदीला ठाऊक. आता तर तो खळाळही धरणाखाली गेला.

[चौकोनी शिडाची, पिंपांनी भरलेली लाकडी होडी. मग गायामधल्या लांबलचक कौलारू वखारी.]

हिवाळा संपला की वाइन ५५० लिटरच्या पिंपांतून, राबेलो नावाच्या या होड्यांमधून खाली यायची. पोर्तोसमोरच्या तीरावर, विला नोव्हा द गायात. खोऱ्यातल्या उन्हात वाइन लवकर पिकते, इथे समुद्राच्या दमट गारव्यात सावकाश. १९८६ पर्यंत पोर्ट परदेशी पाठवायची तर ती गायातूनच जायला हवी, असा नियम होता. राबेलो आता फक्त दाखवायला. २४ जूनला, सेंट जॉनच्या सणाला, त्यांची शर्यत लागते.

आणि या वखारींत वाइनच्या वाटा वेगळ्या होतात.

काही वाइन जाते भल्यामोठ्या टाक्यांत. टाकी मोठी, त्यामुळे हवा थोड्याच वाइनला शिवते. दोन-तीन वर्षांत बाटलीत भरली की ती रुबी. ताजी, जांभूळ-करवंदांसारखी गडद. चांगली निवडलेली असेल तर रिझर्व्ह. चार ते सहा वर्षं थांबवून बाटलीत भरली, तीही एकाच सालची, तर लेट बॉटल्ड व्हिंटेज, म्हणजे एलबीव्ही. माझं मत विचाराल तर पैसे वसूल करणारी पोर्ट हीच, विशेषतः न गाळता भरलेली.

व्हिंटेजची गोष्टच निराळी. हंगाम असामान्य वाटला की घराणं नमुने पोर्तोतल्या सरकारी संस्थेकडे पाठवतं आणि मान्यता मिळाली की साल ‘जाहीर’ होतं. दशकात साधारण तीनदा. १९४५, १९६३, १९७७, १९९४, २०११ ही सालं जाणकारांना तोंडपाठ असतात. २०१६ आणि २०१७ लागोपाठ जाहीर झाली, तेव्हा भुवया उंचावल्या होत्या. ही वाइन लाकडात राहते जेमतेम दोन-तीन वर्षं. मग न गाळता, साक्यासकट बाटलीत, आणि तिथे वीस, तीस, साठ वर्षं. बुचाआड हवा नाही म्हणावी इतकीच. म्हणून ती लाल राहते. आणि म्हणूनच ते बूच कुजतं.

दुसरी वाट लहान पिंपांची. लाकूड श्वास घेतं. दर वर्षी दोनेक टक्के वाइन उडून जाते. रंग उतरत उतरत विटकरी, मग सोनेरी. ही टॉनी. लेबलावर १०, २०, ३०, ४० असे आकडे असतात आणि इथे बरेच जण फसतात. २० म्हणजे बाटलीतला प्रत्येक थेंब वीस वर्षांचा, असं नाही. कमी-जास्त वयाच्या वाइन एकत्र करून वीस वर्षं मुरल्यासारखा स्वभाव आणलेला असतो, आणि तो आहे की नाही हे ती संस्था चाखून ठरवते. एकाच सालची आणि किमान सात वर्षं पिंपात काढलेली टॉनी म्हणजे कोल्येता. आपली दुसरी बाटली तीच. आकडाच नसलेली स्वस्त टॉनी मात्र बहुतेकदा तरुण, फिकी वाइनच असते. ती सोडा, दहाची घ्या. वीसची मिळाली तर तिथेच थांबा. चाळीसमध्ये मला लाकूडच जास्त लागतं.

पांढऱ्या द्राक्षांची पांढरी पोर्टही असते. २००८ पासून गुलाबी पोर्टही बाजारात आली. तिच्याबद्दल इतकंच.

[मडगावच्या बाजारातलं दुकान. काजूच्या पाकिटांशेजारी ‘पोर्ट वाइन’च्या बाटल्या.]

गोव्याहून परतताना काजूबरोबर पिशवीत येते ती ‘पोर्ट’? १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगीजांकडे होता, त्यामुळे नाव राहिलं. गोव्यात द्राक्षबागा नाहीत, द्राक्षं घाटावरून येतात. गोड, जांभळी, स्वस्त. पुष्कळांनी आयुष्यातला वाइनचा पहिला घोट तिचाच घेतलेला असतो, त्यामुळे तिला हसण्यात अर्थ नाही. पण युरोपच्या कायद्यात पोर्ट फक्त दोरूची, आणि चवीचा विचार केला तर दोघींचं नातं आडनावापुरतं.

[टेबल. दोन बाटल्या, चीज, बदाम, डार्क चॉकलेट.]

आता प्यायचं कसं. पेला बेताचा, पण इवलासा नको. वास फिरायला जागा हवी. वाइन अर्ध्याहून कमी ओतायची. इतक्या कडक आणि गोड वाइनचा दुसरा पेला आधी विचार करून घ्यावा.

रुबी आणि एलबीव्ही सोळा-अठरा अंशांवर. ‘खोलीच्या तापमानाला’ हा सल्ला इंग्लंडातल्या थंड घरांसाठी होता. आपल्या मे महिन्यात तशी प्यालात तर नुसता अर्क नाकात जाईल. फ्रिजमध्ये वीसेक मिनिटं ठेवा. सोबत डार्क चॉकलेट. टॉनी अजून गार, बारा-चौदा अंशांवर. तिच्याबरोबर भाजलेले बदाम, कॅरमल कस्टर्ड, आणि जरा आगाऊपणा करतो, तिळाची चिक्की. पांढरी पोर्ट बर्फावर, टॉनिक वॉटर घालून, लिंबाची साल टाकून. पोर्तोत उन्हाळ्याच्या संध्याकाळी हेच चालतं.

व्हिंटेजला इंग्रज देतात स्टिल्टन, निळ्या बुरशीचं खारट चीज. त्या टेबलाचा एक रिवाजही आहे: बाटली डावीकडे सरकवत न्यायची. कुणी ती अडवून बसलाच तर ‘बाटली द्या’ म्हणणं असभ्य. विचारायचं, ‘तुम्ही नॉर्विचच्या बिशपना ओळखता का?’ तो नाही म्हणाला तर सांगायचं, ‘माणूस भला, फक्त पोर्ट पुढे सरकवायला विसरतो.’

[मेणबत्तीच्या उजेडात बाटलीच्या मानेखालून वाहणारी लाल धार.]

आपली १९६३ ची व्हिंटेज काल दुपारपासून उभी होती, साका तळाला बसावा म्हणून. आता एका दमात, हात न थरथरू देता सुरईत ओतायची. मेणबत्ती मानेखाली धरलेली, म्हणजे काळी रेघ येताना दिसते. ती आली की थांबायचं. तळाला दोन बोटं उरेल, ती तिथेच राहू द्यायची.

या सुरईतली वाइन आज रात्री संपवायला हवी, फार तर उद्या. साठ वर्षं हवेपासून लांब राहिलेली, तिला आता हवा सोसत नाही. दुसरीला घाई नाही. पिंपात ती रोज हवा खात आलीय. पेलाभर घ्यायची, बूच हाताने दाबायचं आणि फ्रिजच्या दारात दुधाच्या पिशवीशेजारी ठेवून द्यायची. महिनाभराने पाहुणे येतील तेव्हाही ती अशीच असेल.

[फ्रिजचं दार बंद होतं.]