पाणी जाणार कुठं?

(दृश्य: सहकारनगर, तळजाई टेकडीच्या पायथ्याचा जुना बंगला. फाटक रस्त्यापेक्षा वीतभर खाली.)

निवेदन:

पुण्यात पाऊस तसा बेताचाच. वर्षाला 700 ते 750 मिलिमीटरच्या आसपास. ताम्हिणीकडचा माणूस हा आकडा ऐकून हसेल. पण जूनपासून वाट बघायला लावणारा हाच पाऊस कधी कधी तासाभरात 50 मिलिमीटर ओतून मोकळा होतो. हजार-अकराशे चौरस फुटांच्या गच्चीवर तेवढा पडला, तर पाच हजार लिटर पाणी. उन्हाळ्यात आपण पैसे मोजून मागवतो त्या टँकरचा अर्धा भाग, आणि तोही पन्हळीतून थेट जोत्याच्या पायाशी.

हा बंगला बांधला तेव्हा अंगणाचा उतार रस्त्याकडे होता आणि पाणी फाटकातून बाहेर जायचं. पुढं रस्त्यावर डांबराचे थर चढले, मग काँक्रीट आलं. रस्ता वर गेला, घर जागच्या जागी राहिलं. पेठांपासून उपनगरांपर्यंत जुन्या घरांचं हेच झालंय. आता रस्त्याचंच पाणी फाटकातून आत येतं.

(दृश्य: मागची भिंत. फुटभर उंचीपर्यंत पोपडे, पांढरट क्षार.)

मागच्या बाजूची तऱ्हा वेगळी. टेकडीच्या अंगाला माती पातळ, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. मुरलेलं पाणी पाषाणावर अडतं आणि उताराच्या दिशेनं सरकत राहतं. त्यामुळे पाऊस थांबून दोन दिवस झाले, ऊन पडलं, तरी या भिंतीची ओल हटत नाही. गिलावा कितीही वेळा करा, वॉटरप्रूफिंगवाल्याला कितीही पैसे द्या, ओल येतच राहणार. पाणी भिंतीपर्यंत पोचण्याआधीच अडवायला हवं.

घरच्या काकूंनी चर कुठं खणायचा तेही ठरवून ठेवलं होतं. मिस्त्री फावड्याला हात लावायला तयार नाहीत.

“काकू, चर मी दिवसभरात खणतो. पाणी जाणार कुठं, ते आधी बघू.”

(दृश्य: जवळून, पारदर्शक लेव्हल ट्यूब. मिस्त्री टिचक्या मारून नळीतले बुडबुडे काढताहेत.)

नळीत एक बुडबुडा राहिला तरी माप चुकतं. एक टोक जोत्यापाशी, दुसरं अंगणाच्या कोपऱ्यात. दोन्हीकडं पाण्याच्या पातळीवर खूण करायची आणि खुणेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजायचं. दहा मीटर लांबीला निदान दहा सेंटिमीटर उतार हवा. डोळ्यांना सपाट वाटणारी फरशी घराकडेच कललेली आहे, हे इथं कळतं. पेव्हर ब्लॉक बसवणाऱ्यानं सुबक काम केलं होतं, फक्त उलट्या दिशेनं.

मग मागच्या भिंतीपासून थोडं दूर, टेकडीच्या बाजूला चर. तळाशी उतार, त्यावर जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं), खडीचा थर, भोकांचा चार इंची पाईप, पुन्हा खडी आणि वरून कापडाची घडी. पाईपची भोकं खाली ठेवायची. अनेकांना हे उलटं वाटतं, पण चरात पाणी तळापासून वर चढतं आणि खालच्या भोकांतून लगेच पाईपमध्ये शिरतं. कापड वाचवू नका. ते नसेल तर माती खडीत शिरून चर बुजतो.

गच्चीचं पाणी या चरात सोडायचं नाही. त्याला वेगळा, बिनभोकाचा पाईप. दोन्ही पाईप कोपऱ्यातल्या चेंबरमध्ये येतात आणि तिथून पाणी शोषखड्ड्यात जातं. हा खड्डा पायापासून निदान तीन मीटर लांब आणि घरापेक्षा खालच्या अंगाला हवा.

(दृश्य: खड्ड्यात ओतलेलं पाणी, कडेला उभी मोजपट्टी.)

खड्ड्यात दगड-खडी भरण्याआधी नुसतं पाणी ओतून तासाभरात किती उतरतं ते पाहायचं. इथं मुरूम लागला, पाणी भराभर उतरलं. नदीकाठच्या काळ्या मातीत असं होत नाही. ती पाणी पिऊन फुगते आणि पुढचं पाणी आत घेत नाही. तिथं मुरूम लागेपर्यंत खोल जावं लागतं. तो लागलाच नाही, तर शोषखड्ड्याचा नाद सोडून पाणी पावसाळी गटाराकडं न्यावं, आणि तिकडं उतार मिळत नसेल तर छोटा पंप बसवावा.

“ड्रेनेजलाच जोडून टाकू की,” असं सुचवणारा शेजारी प्रत्येक गल्लीत असतो. मैल्याच्या लाईनला पावसाचं पाणी जोडलं की मोठ्या पावसात ती लाईन तुंबते आणि सगळी घाण न्हाणीच्या जाळीतून घरात वर येते. शेजाऱ्याच्याही.

एवढं करूनही 25 सप्टेंबर 2019 च्या रात्रीसारखा आंबील ओढा उसळला, तर चार इंची पाईप काहीही करू शकत नाही. हा बंदोबस्त आपल्या गच्चीच्या, आपल्या टेकडीकडच्या आणि फाटकातून येणाऱ्या पाण्यापुरता.

फाटकाशी आडवी जाळी बसलीय, रस्त्याचं पाणी तिथंच पकडून चेंबरकडं वळवायला. बाहेर गुलमोहर आहे, म्हणजे ती पाल्यानं भरणारच. मिस्त्रींनी काकूंना चेंबरचं झाकण उचलून दाखवलं. तळाशी, पाईपच्या तोंडाखाली, गाळ साचायला वीतभर जागा सोडलीय.

“मे संपायच्या आत एकदा उपसा. आणि झाकणावर कुंडी ठेवू नका, काकू.”

काकूंनी कुंडी आधीच उचलून आणली होती. ती त्यांनी बाजूला ठेवली.