दोराखालच्या चिंध्या

बंधुभगिनींनो, स्तोत्रसंहितेच्या अगदी शेवटी पाच स्तोत्रे आहेत, 146 ते 150. पाचही स्तवनाच्या हाकेने सुरू होतात आणि त्याच हाकेने संपतात. त्यांतल्या पहिल्या स्तोत्राच्या सहाव्या वचनात देव आकाश, पृथ्वी आणि समुद्र यांचा कर्ता आहे. सातव्या वचनात तोच देव गांजलेल्यांचा न्याय करतो, भुकेल्यांना अन्न देतो, बंदिवानांना मोकळे करतो. समुद्रावरून थेट भाकरीवर. हे वचन आपण इतक्या वेळा गातो, की शब्द जिभेवरून घरंगळत जातात. म्हणून आज मला तुम्हांला शास्त्रातल्या काही वस्तू दाखवायच्या आहेत.

पहिली वस्तू पांघरूण. निर्गम या ग्रंथाच्या 22व्या अध्यायात नियम आहे: गरिबाचे पांघरूण गहाण घेतलेस, तर सूर्य मावळण्याआधी ते परत कर. कायदा सहसा कारण सांगत बसत नाही. इथे देव स्वतः कारण सांगतो. अंग झाकायला त्याच्याजवळ तेवढे एकच आहे; ते घेतलेस तर तो काय पांघरून निजेल? कर्जाच्या हिशोबात देव रात्रीची थंडी मांडतो! पुढे तो म्हणतो, त्याने माझा धावा केला तर मी ऐकेन, कारण मी करुणामय आहे. हे धावा करणे मूळ हिब्रूत ज्या धातूने सांगितले आहे, तोच धातू तिसऱ्या अध्यायात येतो. मिसरात राबणाऱ्या लोकांचा आक्रोश मी ऐकला आहे, असे देव मोशेला सांगतो, तिथे. म्हणजे पांघरूण अडकवून ठेवणारा माणूस, मग तो स्वतः त्या गुलामांचा नातू-पणतू का असेना, एका रात्रीत फारोच्या जागी जाऊन बसतो. अनुवाद नावाच्या ग्रंथाच्या 24व्या अध्यायात जाते किंवा त्याची वरची तळी गहाण घ्यायलाही मनाई आहे. ते घेणे म्हणजे माणसाचा जीवच गहाण घेणे, असे तिथे म्हटले आहे. जाते थांबले की घरात पीठ नाही. त्याच अध्यायात शेतात विसरलेली पेंढी आणायला मागे फिरू नकोस, ती परक्याची, पोरक्याची आणि विधवेची, असेही आहे.

आता संदेष्टा यिर्मया. या गोष्टीवर मी जरा रेंगाळणार आहे.

यरुशलेमाला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला. इ.स.पू. 586च्या आसपासचे दिवस. शहर शत्रूच्या हाती जाणार, हे यिर्मया उघड बोलतो, म्हणून सरदार त्याला दोरांनी मल्कीयाच्या टाक्यात सोडतात. टाक्यात पाणी नाही, नुसता चिखल. यिर्मया त्यात रुततो. राजा सिद्कीयाने सरदारांना अडवले नव्हते; तुमच्यापुढे माझे काही चालत नाही, असे तो म्हणाला होता. गांजलेला, भुकेला आणि बंदिवान असे तिन्ही एकाच माणसात, एकाच खड्ड्यात.

त्याच्यासाठी कोण उठले? याजक उठला नाही, नातलगही नाही. राजवाड्यातला एबद-मलेख उठला. कूश देशाचा, म्हणजे परका, आणि खोजा. राजा बन्यामीन वेशीत बसलेला असताना तो तिथे गेला आणि म्हणाला, त्या माणसांनी वाईट केले आहे, तो तिथे भुकेने मरेल. राजाने त्याला तीस माणसे दिली.

इथपर्यंतची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो. पुढच्या दोन वचनांवर मात्र माझी नजर फार उशिरा थांबली. एबद-मलेख तडक टाक्याकडे गेला नाही. आधी तो भांडाराखालच्या खोलीत गेला. तिथून त्याने जुन्या चिंध्या आणि फाटके कपडे गोळा केले, ते दोरांनी खाली सोडले, आणि वरून सांगितले: हे काखांत घाल आणि मग त्यावर दोर घे. खाली अडकलेला माणूस उपासाने खंगलेला आहे आणि त्याला काखेत दोर घालून चिखलातून उपसायचे आहे, म्हणजे कातडी सोलवटणार, हे त्याला आधीच दिसले होते. शहर पडायला आले आहे, सरदार सूडाला टपलेले आहेत, आणि हा माणूस दोर काचू नये म्हणून चिंध्या शोधतो आहे. देवाची काळजी कशी दिसते, असे मला कुणी विचारले तर मी याच चिंध्यांकडे बोट दाखवतो. पुढच्या अध्यायात देव त्या एबद-मलेखासाठी वेगळा निरोप धाडतो: तू माझ्यावर भरवसा ठेवलास, तुझा जीव वाचेल.

स्तोत्राच्या वचनातला बंदिवान म्हणजे पापाचा बंदिवान, असा अर्थ आपण चटकन लावतो. पापाची बंधने खरी आहेत, मी ती नाकारत नाही. पण यिर्मयाच्या अंगाला लागलेला चिखल खराखुरा होता.

एक प्रश्न मला टाळायचा नाही. नासरेथच्या सभास्थानात येशूने यशयाचा ग्रंथ उघडला आणि बंदिवानांच्या सुटकेचे वचन वाचून म्हटले, आज हे पूर्ण झाले आहे. मग योहान? बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगातून विचारणा करतो: येणारा तो तूच का? उत्तर जाते: आंधळे पाहतात, पांगळे चालतात, कुष्ठरोगी शुद्ध होतात, बहिरे ऐकतात, मेलेले उठतात, गरिबांना सुवार्ता ऐकवली जाते. या यादीत बंदिवान नाही. योहानाच्या हे लक्षात आले नसेल असे मला वाटत नाही. आणि तो सुटलाही नाही. हेरोदाने त्याचे शिर उतरवले. प्रेषितांच्या कृत्यांच्या एकाच 12व्या अध्यायात याकोब तलवारीने मारला जातो आणि पेत्राच्या बेड्या गळून पडतात. याचे उत्तर माझ्याजवळ नाही, आणि ज्यांच्याजवळ झटपट उत्तर असते त्यांचे ऐकताना मला योहानाची कोठडी आठवते.

पण मत्तयाच्या 25व्या अध्यायातली क्रियापदे पाहा. न्यायाच्या दिवशी राजा म्हणतो: भुकेला होतो, खायला दिलेत. उघडा होतो, पांघरूण दिलेत. तुरुंगात होतो, माझ्याकडे आलात. सोडवलेत, असे तिथे नाही. फक्त आलात. कोणत्या गुन्ह्यासाठी आत होता, हेही विचारलेले नाही. आणि हे केलेत की नाही, एवढ्यावर राजा निवाडा करतो.

त्या काळी कोठडीतल्या माणसाचा भार बहुतेक बाहेरच्या माणसांवरच असे. कुणी आणले तर जेवण, कुणी दिले तर कपडा. कैदेत असलेल्या प्रेषित पौलाला हे ठाऊक होते. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो अनेसिफराची आठवण काढतो: त्याला माझ्या बेड्यांची लाज वाटली नाही, रोमला आल्यावर त्याने मला कसून शोधले. पत्राच्या शेवटाकडे, मुकुटाबद्दल आणि आपल्या मरणाबद्दल लिहून झाल्यावर, पौल एक वस्तू मागवतो. त्रोवसात कार्पाकडे राहिलेला माझा झगा येताना घेऊन ये. आणि पुढे काही ओळींनंतर, हिवाळ्याआधी येण्याचा प्रयत्न कर.